नादारी आणि आत्याच्या पाटल्या

कायदा बुडालेल्या माणसाला पुन्हा उभं करतो. यवतमाळच्या कोर्टात आमच्या वकिलांनी हे वाक्य इतक्या गांभीर्याने उच्चारलं की बाबा खरोखरच बाकावरून उठले. तेवढ्यात त्यांची जागा दुसऱ्या कोणी घेतली आणि त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत उभेच राहिले.

बाबांचं पांढरकवड्याला कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीचं औषध. माल उधारीवर जायचा आणि कापूस विकला की पैसे यायचे. मग ओळीने काही हंगाम असे गेले की कधी बोंडअळी, कधी पाऊस, आणि ज्या वर्षी दोन्ही बरे वागले त्या वर्षी भाव पडले. गिऱ्हाइकांकडे पैसे नाहीत म्हणून बाबांकडे नाहीत, एवढा साधा हिशेब बँकेला आणि माल पुरवणाऱ्यांना पटेना. तेव्हा कोणीतरी नादारीचा, म्हणजे कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घेण्याचा, अर्ज सुचवला.

आमच्या गल्लीत नादारीबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि ते सगळं चुकीचं होतं. तुरुंग होतो, गावात दवंडी पिटतात, पोरांची शाळा बंद होते. आईने वकिलांना एकच विचारलं, "भांडे नेतीन का?"

"नाही हो. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, मंगळसूत्र, याला कोणी हात लावत नाही."

"मंग नेण्यासारखं राह्यलं काय?" आई म्हणाली.

दुकान होतं, एक प्लॉट होता, स्कूटर होती. शिवाय गिऱ्हाइकांकडचं येणं होतं. कोर्टाने नेमलेला अधिकारी, म्हणजे रिसीव्हर, त्या नावांवर बोट ठेवून एकेकाचा पत्ता विचारत असे. काही नावांवर बाबा नुसतं "नाही" म्हणत. गावात नाही की जगात नाही, हे त्याने पहिल्यांदा विचारलं. नंतर विचारणं सोडलं.

वकिलांनी बजावलं होतं की ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाचं नाव सांगा, एकही लपवू नका. बाबांनी सगळी सांगितली. फक्त आत्याचं सांगितलं नाही, कारण तिचं त्यांनी फेडलं होतं.

आत्या बाबांची थोरली बहीण. नेरला एकटी राहायची. बाबांनी दुकान टाकलं तेव्हा तिने हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या आणि बाबांनी त्या विकल्या होत्या. पुढे प्रत्येक भाऊबीजेला बाबा तिच्या रिकाम्या मनगटांसमोर पाटावर बसत आणि ती त्यावर चकार शब्द काढत नसे. दुकानाला कुलूप लावायची वेळ आली तेव्हा बाबांनी उरलेलं खत पडत्या भावात विकलं, सराफाकडून तशाच पाटल्या घडवून घेतल्या आणि भाऊबीजेला ओवाळणी म्हणून ताटात टाकल्या. परत येऊन नादारीचा अर्ज केला. जगाचं बुडलं तर बुडलं, बहिणीचं बुडता कामा नये. आमच्याकडे याला इमान म्हणतात.

सुनावणीत बँकेच्या वकिलाने सहज विचारलं, "अर्जाच्या आधी कोणाला काही दिलंत?"

"दिलं ना," बाबा ताठ होत म्हणाले. "बहिणीचं देणं आधी फेडलं. पाटल्या केल्या तिले."

त्या इमारतीत बाबांनी अभिमानाने उच्चारलेलं हे एकमेव वाक्य. आमच्या वकिलांनी डोळे मिटले.

नादारीच्या तोंडावर एका घेणेकऱ्याचं भागवून बाकीच्यांना कोरडं ठेवता येत नाही, कोर्ट तो व्यवहार रद्द करतं. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. वकील म्हणाले, "साहेब, ती ओवाळणी होती. भाऊबीजेची."

न्यायाधीशांनी शांतपणे सांगितलं, "म्हणजे भेट. लोकांचं देणं थकलेलं असताना दिलेली भेटही टिकत नाही. फेड म्हणा की भेट म्हणा, पाटल्या परत याव्या लागतील." त्यांच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, आम्हाला रागवायला कोणीतरी मिळालं असतं.

आत्याला नोटीस गेली. बाबांनी तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पुढच्या तारखेला ती एसटीने आली आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बाबांसमोर उभी राहिली.

"काहून रे भाऊ, तुहं दिवाळं निंघते अन् मले कागदावरून कळते?"

"सांगणारच होतो, बाई."

"कवा? मी मेल्यावर?"

"तुहं आधी फेडलं मी. बाकीच्याईचं पाहू म्हटलं."

"म्या मांगतलं होतं का कधी? कायले केल्या पाटल्या? तेवढ्यात वकील तरी बरा भेटला असता."

आमचे वकील शेजारीच होते. त्यांनी फाइल उघडली.

पाटल्या निघेनात. आत्याचे हात कामाने सुजलेले असत आणि भाऊबीजेपासून तिने त्या उतरवल्याच नव्हत्या. चहाच्या टपरीवरून साबणाचा तुकडा आणला, नळाखाली हात धरला. तिला स्वतःला जमेना, मला धीर होईना. शेवटी बाबांनी तिचा हात हातात घेतला आणि फेस लावून, पिरगाळून, एकेक पाटली काढली. तिला दुखत होतं. "हळू रे," एवढंच ती म्हणाली. बाबांनी तिचा हात धोतराला पुसला आणि बराच वेळ सोडला नाही. रिसीव्हरने पावती दिली, 'पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन नग.'

पुढच्या भाऊबीजेला बाबा बसस्टँडपर्यंत गेले आणि परत आले. ताटात काय टाकू, म्हणाले. आत्याने निरोप धाडला, "सुपारी टाक म्हणा." ते गेले नाहीत. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. मी दोनदा तिकीट काढून दिलं, दोनदा त्यांना ताप आला.

नादारी आपोआप संपत नाही, सुटकेचा अर्ज वेगळा करावा लागतो. बाबांनी तो केला नाही. विचारलं की म्हणायचे, "कशातून सुटका?" ते नादार म्हणूनच गेले. आत्या आली तेव्हा त्यांना उचलायची तयारी झाली होती. तिने आईकडून निरांजन मागून घेतलं, बाबांना एकदा ओवाळलं आणि ताट खाली ठेवलं.

लिलावाच्या पैशांचं वाटप त्यानंतर झालं. पाटल्या परत दिल्यामुळे आत्याचं देणं कायद्याने पुन्हा जिवंत झालं होतं, तेव्हा घेणेकऱ्यांत तिचंही नाव होतं. तिच्याच पाटल्यांच्या पैशातला तिचा हिस्सा घ्यायला तिला यवतमाळला यावं लागलं. त्यात एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं निघालं. चहाचं निघालं नाही.