डावीकडे कललेले आकडे

आमच्या बाबांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर दोन वर्षं ते "ते हे" म्हणायचे. पण कुठल्या जुन्या जीपच्या इंजिनावर कुठला नंबर आहे ते विचारा, झोपेतून उठून शेवटच्या आकड्यापर्यंत सांगतील. ओळखीपाळखीत त्यांना नंबरदार म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

महायुद्धातल्या लष्करी गाड्या भंगारातून उचलून, वर्षानुवर्षं खपून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या हौशी लोकांची इथे एक संघटना आहे. वर्षातून एका रविवारी या गाड्यांची फेरी निघते. फेरीत उतरायचं तर इंजिन त्या काळातलंच हवं, आणि ते तसं आहे की नाही हे गेली बावीस वर्षं बाबा ठरवतात. पगार नाही, मानधन नाही. नुसती सत्ता!

त्यांची पद्धत ठरलेली. गाडीजवळ पोचल्यावर मालकाशी बोलायचं नाही, चहाला हात लावायचा नाही. इंजिनाच्या एका अंगाला नंबर ठोकायची बोटभर सपाट जागा असते. ती रॉकेलच्या बोळ्याने पुसायची, दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करायची. एकदा घाईत त्यांनी माझ्या नवऱ्याचा वापरातला ब्रश नेला होता. तेव्हापासून तो सासरी राहायला आला की ब्रश खिशात ठेवतो. मग त्या जागेवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासायची, की आकडे कागदावर उमटतात. हा छाप घरी आणायचा आणि भिंगाखाली तास तास बघायचा.

आणि एक नियम, तो त्यांनी स्वतःच केलेला. "कारखान्यातला आकडा ताठ उभा असतो. डावीकडे कललेला आकडा म्हणजे मागाहून ठोकलेला, चोराचा आकडा." या नियमाने त्यांनी आजवर तेरा गाड्या नापास केल्या होत्या. त्यातली एक आमच्या दातांच्या डॉक्टरांची होती. त्या दिवसापासून बाबांनी त्यांच्या दवाखान्याची पायरी चढली नाही आणि सहा वर्षं ते फक्त उजव्या बाजूने चावतायत.

चौदावी गाडी मामाची निघाली.

मामा म्हणजे आईचा एकुलता एक धाकटा भाऊ, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. सात वर्षं त्याने जीपला वाहिलेली. पलंगाखाली मडगार्ड, न्हाणीघरात गिअरबॉक्स, आणि मामी पाहुण्यांना "जपून बसा, ती मागची सीट आहे" असं सांगायची. फेरीच्या आधीच्या रविवारी बाबा तपासणीला गेले. संघटनेची पाचसहा मंडळी, आई आणि फेरीसाठी माहेरी आलेली मी, सगळे अंगणात उभे. बाबांनी पुसलं, घासलं, छाप घेतला, कागद उजेडात धरला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच जागच्या जागी तोंड उघडलं.

"कुठल्या गाढवानं ठोकलाय हा नंबर?"

मामाचा चेहरा पडला. "भाऊजी, नीट बघा की जरा."

"नीटच बघितलं. नापास."

"येत्या रविवारी माझी गाडी फेरीत नसेल ना," मामाने बोट रोखलं, "तर मी परत तुमच्या घराचा उंबरा चढणार नाही. सांगून ठेवतो."

"उंबरा तुझ्या बहिणीचाही आहे. तिला विचार," असं म्हणून बाबा ब्रश झटकत निघाले.

आई रागावली की बोलत नाही, तिची भांडी बोलतात. सोमवारी आणि मंगळवारी आमच्या स्वयंपाकघरात जे काही झालं ते शेजारच्यांनी खिडकी लावूनही ऐकलं. मी बाबांना म्हटलं, "एका आकड्यापायी आईचं माहेर तोडताय?" तर म्हणाले, "मी नाही तोडलं. आकडा कललेला आहे." यांच्यापुढे डोकं आपटावं तरी किती?

बुधवारी दुपारी बाबा मामाच्या गाडीचा छाप घेऊन जेवणाच्या टेबलावरच भिंग लावून बसले. पानं वाढायची खोळंबली. आई हातात पळी घेऊन त्यांच्या डोक्यावर उभी राहिली आणि तिची नजर कागदावर गेली. तिने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पळीकडे. मग पळी धाडकन त्यांच्यासमोर ठेवली.

त्या पळीच्या दांड्यावर नंबर आहे. आमच्या घरात सगळ्यावरच आहे. लग्न झालं त्या वर्षी बाबांनी घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर नंबर ठोकला होता, दाराच्या कडीपासून आईच्या कात्रीपर्यंत. त्याआधी चार वर्षं ते सरकारी डेपोत होते. लष्कराच्या जुन्या गाड्यांची इंजिनं तिथे खोलून पुन्हा बांधली जायची. नंबराची जागा घासली गेली की तोच नंबर परत ठोकायचा, हे काम बाबांचं. डेपो सोडताना साहेबांनी आकडे ठोकायच्या पोलादी ठशांचा संच त्यांनाच भेट दिला. पुढे शिडीवरून पडून त्यांचा डावा हात मनगटात मोडला, ठसे माळ्यावर गेले आणि डावखुरे बाबा उजव्या हाताने सगळं करायला लागले.

पळीवरचा नंबर होता चारशे चव्वेचाळीस. तिन्ही चार डावीकडे कललेले, आणि प्रत्येकाचं खालचं टोक जरासं तुटकं. छापावरच्या चारचंही तसंच, म्हणजे ठसा तोच.

बाबांनी पळी भिंगाखाली धरली. मग कागद. मग परत पळी. पन्नास वर्षं ते त्या पळीने वाढलेलं जेवत होते. पण पोटात भूक असताना पळीचा दांडा कोण बघतो?

तीन दिवसांत पहिल्यांदाच आई बोलली. "म्हणजे इंजिन खरं, नंबरही खरा. आणि गाढवही खरं."

"मी पाकिटात पासचा कागद घालून त्याच्याकडे पाठवतो," बाबा हळूच म्हणाले.

"वा! नापास चार माणसांत आणि पास पाकिटात?"

शनिवारी सकाळी संघटनेची बैठक होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, खिशात पळी. मी सोबत होते. मामा मागच्या रांगेत भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाबा उभे राहिले, पळी वर केली आणि एका दमात म्हणाले, "मेहुण्यांची गाडी पास आहे. तो नंबर डेपोत मी ठोकला होता. मी डावखुरा होतो. त्या दिवशी ज्या गाढवाचा उल्लेख झाला, ते मीच."

मग दातांचे डॉक्टर सावकाश उभे राहिले. "नंबरदार, माझे आकडेसुद्धा डावीकडेच कललेले होते."

"माझेही," कोणीतरी म्हणालं. "आणि माझे." बघता बघता ज्यांची गाडी आजवर नापास झाली होती ते सगळे उभे. बाबांचे कान लाल झाले. स्वतःचं हस्ताक्षर ते बावीस वर्षं चोराचं म्हणून पकडत होते!

जुन्या छापांची फाईल मी रिक्षाने घरी जाऊन आणली. तिथेच टेबलावर चौदा छाप मांडले गेले आणि बाबांनी एकेकावर पळी ठेवून निकाल दिला. दोन नंबर खरोखरच चोराचे निघाले, एक इंजिन मुळात पाण्याच्या पंपाचं होतं. उरलेले अकरा बाबांचे. डॉक्टरांनी निकाल ऐकला आणि म्हणाले, "सोमवारी या. आधी तुमचा डावा जबडा बघू."

रविवारी सकाळी मैदानावर त्या अकरा गाड्या ट्रकवरून उतरवून वेगळ्या रांगेत उभ्या केल्या होत्या. एकेक इंजिन सुरू झालं, धूर, खोकला, घरघर. दहा सुरू झाली. मामाची होईना. तो किल्ली फिरवतोय, पुन्हा फिरवतोय, लोक बघतायत. बाबा तरातरा गेले, बॉनेट उघडलं, कान लावला, तारा चाचपल्या. मग टाकीचं झाकण काढून आत डोकावले.

"पेट्रोल कुठाय?"

"काढून टाकलं होतं," मामा पुटपुटला. "मागच्या रविवारी. रागानं."

"इंजिन पास," बाबा मोठ्याने म्हणाले. "मालक नापास!"

आई इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं. मामाही हसला आणि डबा आणायला पळाला. पेट्रोल पडलं, किल्ली फिरली, जीप गचके खात जागी झाली. बाबांनी डावा हात बॉनेटवर ठेवला आणि तो काढेचनात.

"बाबा, चला, फेरी निघतेय."

"थांब गं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "मला वाटायचं, मी जन्मभर लोकांच्या कामात चुका काढत बसलो, स्वतः काही केलंच नाही. अकरा आहेत गं. अकराच्या अकरा चालू आहेत."