शटरवरची अक्षरं

जिंतूरला आमच्या गल्लीत गिरणी चालवणाऱ्या मावशी कायम ओरडूनच बोलतात. दळताना पिठाच्या धारेखाली हात धरून त्या ऊब बघतात, आणि पीठ जास्त तापलं की गिरणीलाच शिव्या घालतात.

साठी उलटल्यावर त्यांनी पासपोर्ट काढला. सहलवाल्यांसोबत समुद्रापलीकडच्या बेटावर जाऊन त्यांना ज्वालामुखी चढायचा होता.

"माय, शटरवर निदान 'देवाला गेले' तरी लिही," मुलगा म्हणाला. "लोकं हसायलेत."

"हसू दे. चोरी कराया चालले का मी?" असं म्हणत त्यांनी खडूनं लिहिलं, 'ज्वालामुखी बघायला गेले.'

मावशी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मुलानं ते पुसून 'देवाला गेले' लिहिलं. मी समोर होतो. त्याला अडवलं नाही.

दहा दिवसांनी मावशी परतल्या, तेव्हा त्या येणार म्हणून मी दळणाचा डबा घेऊन गिरणीशीच थांबलो होतो.

"लय मोठी जत्रा व्हती तिथं! लोकं वर चढून धुराच्या तोंडात कणसं, भाजीपाला टाकायलेत. आपण येळवसीला, येळ अमुशाला, रानात पिकावर आंबील शिंपतो ना, तसंच. मी बी घरची मूठभर ज्वारी टाकली."

बोलता बोलता त्यांची नजर शटरवर गेली. त्यांनी पदरानं अक्षरं पुसली आणि खडू माझ्या हातात दिला. "तुमी लिहा."

बॅगा घेऊन मुलगा मागंच उभा होता. त्याच्याकडं न बघता मी लिहिलं, 'ज्वालामुखी बघून आले.'

"बघून न्हाई," मावशी गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "चढून लिहा, चढून!"