वदवून घेतलेलं खरं

आधी सरोजाक्कांचं नाव लिहिते, मग बाकीचं. त्या दिवशी त्या आल्या नसत्या तर मी आज चोर म्हणून जगत असते. आणि माझी लेक आईला चोर ठरवणारी पोरगी म्हणून मोठी झाली असती.

मी सातवीत शाळा सोडलेली. लिहिताना हात अडतो. कुठे चुकलं तर हसू नका.

चेन्नईत वेस्ट मांबलममधला फ्लॅट. मला बाल्कनीत उभं केलं होतं. काचेचं सरकतं दार बंद, आतून कडी. बाहेर मी आणि वाळत घातलेले टॉवेल. आत सोफ्यावर काकू, म्हणजे माझ्या मालकीणबाई, आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. तिघीही आपल्याच, महाराष्ट्रातल्या. समोर फरशीवर माझी राणी. सहा वर्षांची. हातात चॉकलेट दिलेलं.

काकूंच्या मोत्यांच्या कुड्या हरवल्या होत्या.

मला ऐकू काही येत नव्हतं. दिसत सगळं होतं. काकू वाकून विचारत होत्या. राणी गप्प. पुन्हा विचारलं. राणी गप्प. मग एकीने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. राणीने मान हलवली. हो.

मी काचेवर हात आपटले.

दार उघडलं. काकू म्हणाल्या, "ये आत. तुझीच मुलगी सांगतेय, आईने कपाट उघडलं. लहान मुलं खोटं बोलत नाहीत."

"काकू, मी कपाटाला हात लावत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"तेच तर! इतक्या लांब आपलं माणूस म्हणून घरात घेतलं तुला."

मैत्रीण म्हणाली, "तुमच्यातली माणसं ठेवायची म्हणजे हेच. मी हिला आधीच सांगितलं होतं."

तुमच्यातली. गावात हे ऐकून कान किटले होते. वाटलं होतं, मागे राहिलं ते. ते माझ्याआधीच गाडीत बसून चेन्नईला आलं होतं.

मी काय केलं? हात जोडले. रडले. नवरा एन्नोरच्या बंदरात कंत्राटावर. पोलिसांचं नाव निघालं तर त्याचंही काम जाणार. इथली भाषा मला अर्धीमुर्धी. पोलिसांपुढे काय बोलणार मी? पायासुद्धा पडले असते. राणी माझ्याकडे बघत नव्हती. चॉकलेट तसंच हातात.

माझं रडणं ऐकून शेजारच्या सरोजाक्का आल्या. तंजावरकडच्या मराठी, पिढ्यान्पिढ्या इकडच्या. त्यांची मराठी जुनी, मध्ये मध्ये तमिळ. काकू त्यांच्या माघारी त्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या. ज्या लेकरांना कोर्टात साक्ष द्यायची असते, त्यांच्याशी आधी बोलून नीट ऐकून घ्यायचं, हे काम अक्कांनी म्हातारपणापर्यंत केलेलं.

त्यांनी काय झालं ते विचारून घेतलं, मोबाइल बंद करायला लावला. राणीसमोर खाली मांडी घातली.

"कण्णा, बाळा, तुझं नांव लक्ष्मी न्हवं?"

राणीने काकूंकडे बघितलं. म्हणाली, "हो."



हे 'हो' काकूंनीच शिकवलेलं. राणीला सोबत आणू दिलं तेव्हाची अट होती ती. मोठ्यांनी काही विचारलं की 'हो काकू' म्हणायचं. उलट बोलायचं नाही. पाहुण्यांसमोर म्हणवून घ्यायच्या. कामवालीची मुलगी असून वळण बघा किती! आणि आता तेच वळण पुरावा म्हणून मोबाइलमध्ये भरलं होतं.

अक्का म्हणाल्या, "मी चुकलें. तूं राणी. मी चुकलें की मला टोकायचं. ठाऊक नसलं तर 'तेरियादु' म्हणायचं, ठाऊक नाहीं म्हणून. कोणी रागावत नाहीं." मग विचारलं, "आज तूं हत्तीवर बसून आलीस?"

राणी हसली. "नाही! चालत."

"बरं. काल इथें आलीस तें सगळं सांग. मी नव्हतें. मला कांही ठाऊक नाहीं."

राणी बोटाने फरशीवर रेघा ओढत बसली. एका मैत्रिणीला राहवेना. "अगं, कपाटाचं सांग ना!" अक्कांनी वर न बघता तिला हातानेच थांबवलं.

मग राणी बोलायला लागली. तिने चित्र काढलं. आई फरशी पुसत होती. काकू बाहेरून आल्या, कान दुखतोय म्हणाल्या, कानातलं काढलं. मग उपमा दिला. तिखट होता.

"आई कपाट उघडत होती, हें तुला कसं कळलं?"

"काकूंनी सांगितलं."

काकू उठल्या. "मुलांचं काय! कुणीही काहीही वदवून घेतं."

आत्ताच तर मुलं खोटं बोलत नव्हती.

माझे जोडलेले हात सुटले. मी म्हणाले, "अक्का, आता काकूंना विचारा. कानातलं काढून कुठे ठेवलं ते."

"मला? माझ्याच घरात?"

"मला विचारलंत. लेकीला विचारलंत. आता तुम्ही बसा."

त्या बसल्या नाहीत. "चालती हो," म्हणाल्या. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. यांनी विचारायचं, आम्ही सांगायचं. आम्ही विचारलं की तो उद्धटपणा. खरं शोधायचंच नव्हतं त्यांना. चोर ठरलेला होता, फक्त त्याच्या पोरीचं तोंड हवं होतं.

मी राणीला घेऊन घरी आले. पुढे कुड्या त्यांच्याच पर्समध्ये निघाल्या. रुमालात गुंडाळलेल्या. वॉचमनने निरोप आणला, "मिळाल्या, उद्यापासून ये." एवढंच. मी उलट निरोप धाडला, त्याच दोघींसमोर राणीला सांगा, तुझी आई चोर नाही. मग येते. उत्तर आलं नाही. मी गेले नाही. दुसरं काम मिळेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. अजूनही नव्या घराची बेल दाबण्याआधी एकदा मागे वळते.

राणी अजून विचारते, "आई, मी मान हलवली म्हणून तुझं काम गेलं ना?" मी नाही म्हणते. तिला ते खरं वाटत नाही.

अक्कांनाही किंमत पडली. मोलकरणीची बाजू घेतली म्हणून त्या बायकांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. मराठी बोलायला त्यांना तेवढीच घरं होती. मी रडले तर म्हणाल्या, "जाऊं दे गो. तूं येतेस की बोलायला."

मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. तो शब्द पुरत नाही. मी दहावीला बाहेरून बसणार आहे. नापास झाले तर पुन्हा बसेन. लेकरांचं ऐकून घ्यायचं त्यांचं काम त्यांच्याच हाताखाली शिकेन. अक्का, एक दिवस तुमच्या जागी मी असेन. माझ्यासारख्या कुणा बाईवर आळ येईल, तिच्या लेकराला कोणी वेठीला धरेल, तेव्हा मी तिथे जाईन. आणि आळ घेणारी कितीही मोठ्या घरची असो, पहिला जबाब तिचा घेईन. तुमचं ऋण मी असंच फेडणार आहे.