रिकामी नळी

‘पहिले रिकामी बघा, बाई.’

सकाळी प्रयोगशाळेत आल्या आल्या आमचे सर नमस्काराच्या जागी हे म्हणायचे. मग एक परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि ती सावकाश फिरवायचे. नळीत काहीच नसायचं. काही नाही याची खात्री करून घ्यायला त्यांना पाच मिनिटं लागत. कामाच्या जागी असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या सवयीची आपण पाठीमागे नक्कल करतो, आणि तो गेल्यावर बघावं तर ती सवय आपल्याच हाताला लागलेली असते.

हैदराबादच्या काचीगुड्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची खासगी प्रयोगशाळा होती. धान्य, पेंड, मसाले तपासून द्यायचो. मी लग्नानंतर पुण्याहून आलेली, तिशीची, आणि पुण्याच्या मराठीचा ताठा अजून न उतरलेली. सर जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतकरी घरातले. त्यांच्या बोलण्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ इतकं सहज यायचं की सुरुवातीला मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करत बसे. एकदा त्यांनी ते बरोबर ओळखलं.

‘भाषा नंतर तपासा, बाई. पहिले नमुना.’

देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. कोठी भागातल्या दुकानांत रोज नवी चकचकीत खोकी दिसत. तेव्हाच एका नव्या कंपनीच्या मनात आलं, की ज्वारीच्या कडब्यातून पाण्यात विरघळणारा तंतू काढायचा आणि मधुमेह्यांसाठी बिस्किटं करायची. कडब्यात तो किती आहे हे मोजायचं काम आमच्याकडे आलं. असतो तो अगदी थोडा. कडबा उकळून काढलेल्या पाण्यात फिनॉल आणि कडक आम्ल घातलं की तंतू फुटून त्याची साखर होते आणि नारिंगी रंग येतो. रंग गडद तर तंतू जास्त. शेजारी एक नळी नुसत्या पाण्याची, ती रिकामी. तिच्यात जो काही रंग दिसेल तो आपल्या रसायनांचा, म्हणून बाकीच्यांतून वजा करायचा.

‘भरपूर असलं तर कोणी पण मोजतंय,’ सर म्हणायचे. ‘थोडं असलं की आपलीच घाण त्याच्यापेक्षा ज्यादा होते.’

म्हणून रिकामी नळी त्यांची स्वतःची होती. वेगळ्या लाकडी स्टँडमध्ये ठेवलेली, त्यांनीच धुतलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आम्ही तिला जावईबापू म्हणायचो, आणि ते सरांनाही माहीत होतं.

कडब्याचे नमुने लावले त्या दिवशी ओव्हन कडब्यानंच भरलेला होता. माझ्या चोवीस नळ्या ओल्या. खिळ्यावर जुन्या सुती धोतराचा एक तुकडा टांगलेला असे, टेबल पुसायला. मी त्यानं एकेक नळी आतून पुसली. पुण्याच्या कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की सुताचा धागादेखील याच आम्लात फुटतो आणि रंग देतो. त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

आकडे भरघोस आले. सरांनी कागद तीनदा वाचला. ‘ज्यादा दिसतंय,’ ते म्हणाले. पण त्यांची नळी स्वच्छ होती, आणि त्या नळीवर त्यांचा जीव होता. त्यांनी सही केली. कंपनीनं खोकी छापायला टाकली.

महिन्याभरानं कंपनीकडून त्याच कडब्याचे नमुने परत आले. या वेळी नळ्या ओव्हनमध्ये वाळल्या होत्या. रंग आलाच नाही म्हणा ना. सरांनी एकेक नळी खिडकीशी धरून बघितली. मग त्यांनी खिळ्याकडे बघितलं आणि माझ्याकडे.

‘मागच्या वेळी नळ्या कशा वाळवल्या होत्या?’

‘नेहमीसारख्याच,’ मी म्हणाले.

त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची यादी लागली होती. स्वेच्छा नावालाच, यादीत नाव आलं म्हणजे घरी बसायचं. त्याचं नाव होतं, आणि सरांना मी ते आदल्याच दिवशी सांगितलं होतं. माझी नोकरी गेली असती तर घरात दुसरी नव्हती. ही सबब आहे, मला कळतं.

सर फक्त ‘हौ’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. इतक्या बारीक आकड्यासाठी दुसरीकडे कोण परत तपासणार, अहवाल तसाच राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. सर ऐकेनात.

‘शुगरवाला माणूस खोक्यावरचं वाचून खातो, साहेब. त्याला काय मालूम? अहवाल मागे घ्यायला लागतो.’

‘मग चूक कोणाची?’ मालकांनी विचारलं.

‘माझी. रिकामी नळी मी वेगळी वागवली. बाकीच्या नळ्यांनी जे सोसलं ते तिनं पण सोसायला पाहिजे होतं. लाडानं ठेवली, मग ती काय सांगणार?’

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्याजवळ होतं, आणि मी पदरानं चष्मा पुसत बसले. कंपनीनं काम काढून घेतलं. महिनाअखेर सरांना नोकरी सोडावी लागली. छप्पन वर्षांच्या माणसाला त्या दिवसांत कोण नोकरी देणार होतं? नव्या लोकांना नवी यंत्रं आणि नवी मुलं हवी होती.

ते गेल्यावर मला राहवेना. त्यांची नळी घ्यायची, त्याच कापडानं पुसायची आणि रंग येतो का ते बघायचं, असं मी ठरवलं. निदान स्वतःपुरता तरी निकाल लागला असता. खिळ्याशी गेले तर कापड नव्हतं. टेबलाखाली, कपाटामागे, कुठेच नव्हतं.

दोन महिन्यांनी मी धीर करून त्यांच्या घरी गेले. सर गंजीफ्रॉकवर पेपर वाचत बसले होते. काकूंनी चहा आणि बिस्किटं आणून ठेवली. त्या आत गेल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं: ओव्हन, ओल्या नळ्या, खिळ्यावरचं धोतर.

चौथ्या दशांशाला हात लावू न देणारा हा माणूस. आयुष्यात त्यानं एक आकडा वाकवला नव्हता. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

‘कोणतं कापड, बाई?’

मी कप उचलला आणि तसाच परत ठेवला.

‘चहा घ्या,’ ते म्हणाले. ‘घरच्या साहेबांना कुठं लागली का नोकरी?’

त्यानंतर मी त्यांना भेटले नाही. ते वारल्याचं मला वर्षभरानं कळलं.