फाटकातला नर रातांबा

फाटकातला रातांबा तोडायचा, हे मुलाने मुंबईतूनच ठरवून ठेवलं होतं. मागच्या खेपेला नवी गाडी घेऊन आला, ती त्या झाडामुळे अंगणात वळेना.

"बाबा, ह्याला कधी एक तरी फळ धरलंय?"

नाही धरलं. तो नर आहे. विहिरीकडची मादी दर उन्हाळ्यात कोकमांनी लाल होते ती ह्याच्या जिवावर. दोन्ही रोपं माझ्या बायकोने लावली. नर कुठला नि मादी कुठली, ते फूल येईपर्यंत कळत नाही. बायको गेली श्रावणात. तिने सुकवलेली आमसुलं बरणीत आहेत. मी हात लावत नाही.

"हा गेला तर ती पण वांझ," मी म्हटलं.

"आमसुलं बाजारात मिळतात हो, बाबा."

शिकलेल्याशी वाद घालायला मला येत नाही.

सकाळी तोडणारा मशीन घेऊन आला, बरोबर त्याचा भाऊ. खोडावर हात ठेवून म्हणाला, "काका, नारळ आणा. गाऱ्हाणं घाला."

आमच्याकडे दारचं झाड तोडताना घरच्याने देवाला तसं सांगायचं आणि माफी मागायची. त्याशिवाय हत्यार लावत नाहीत.

"मी घालणार नाय," मी म्हटलं.

"मग मी पण मशीन चालवणार नाय. मला पोरंबाळं आहेत."

मुलगा चिडला. "मी घालतो. त्यात काय एवढं?"

सून पायरीवरून म्हणाली, "मोबाईलवर बघा ना, असेल."

"मोबाईलवरचं झाडाला कळायचं नाय, वहिनी," तोडणारा हसला.

मुलाने नारळ हातात धरला. "बा देवा महाराजा..."

"होय महाराजा!" दोघे भाऊ ओरडले.

"आज हा रातांबा आम्ही तोडतोय..."

"होय महाराजा!"

तो अडला. तोडणारा हळूच म्हणाला, "कोणी लावला ते सांगा, दादा."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. तोंड उघडलं असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या, नाहीतर रडलो असतो.

"माझ्या आईने लावलेला," तो म्हणाला.

"होय महाराजा."

आता माफी मागायची. दोघे भाऊ वाट बघत उभे. मुलाचे ओठ हलले, आवाज नाही. मग नारळ माझ्या हातात कोंबला नि घरात गेला.

तोडणाऱ्याने चहा घेतला, मशीन उचललं नि झाडाला न लावताच परत गेला. गाडी रस्त्यावरच आहे. सुनेने दोनदा विचारलं काय झालं, मुलगा परतीच्या बॅगा भरत राहिला. गणपतीला येईल तेव्हा काय म्हणेल, मला ठाऊक नाही.