रविवारची धुरी

काल नातीने तिच्या बाळाला न्हाऊ घातलं आणि ओव्याची धुरी दिली. तो वास आला तशी मी उठून गॅलरीत गेले.

ही नात दोन वर्षांची असताना माझी मुलगी नवऱ्याला सोडून नवघरला माझ्याकडे राहायला आली. कोर्टाने जावयाला दर रविवारी दुपारी दोन तास पोरीला भेटायला दिलं होतं. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून मी नेमकं त्याआधी पोरीला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालायचे, धुरी द्यायचे, वरणभात भरवायचे. तो येईपर्यंत ती गाढ झोपायची.

"उठवू का?" मी तोंडदेखलं विचारायचे.

"नको आई, झोपू दे."

दोन तास तो तिला खांद्यावर घेऊन बसायचा. एकदा हात इतका बधिर झाला की निघताना त्याला बुटाची नाडी बांधता येईना. तरी हसून म्हणाला, "किती छान वास येतो हिला! आई, पुढच्या रविवारीही अशीच न्हाऊ घाला."

मी घातलीही.

नातीला वाटतं, बाप तिला बघायला कधी आलाच नाही. मी अजून तिला सांगितलेलं नाही.