आळशी म्हणे पेणची माणसं!

गेल्या रविवारी मोठ्या कौतुकाने बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं... आणि स्वतःच्याच घरात तोंडघशी पडले. अजून राग गेलेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी थोडं सांगते. कॉम्प्युटरवर साम्राज्य उभारायचा एक गेम आहे आणि आम्ही काही हौशी मंडळी त्यात आपला मराठी मुलूख घालतोय. सैन्य, किल्ले, व्यापार सगळं होतंच... आता नवीन भर म्हणजे सुभे, आणि प्रत्येक सुभ्यावर गेमच चालवतो असा एक सुभेदार. पेणचा सुभा बनवायचं काम माझ्याकडे, आणि रोह्याचं माझ्याच कंपनीतल्या अमोलकडे, कारण तो तिथलाच.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधाआड भात. उधाणाला बांध फुटला की एक हाळी पुरते... घरटी माणूस हातातलं काम टाकून चिखल उचलायला धावतो. हुकमाची वाट कोणी बघत नाही, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची काही वर्षं त्या शेतात भात होत नाही.

बाबांची उभी हयात त्या बांधावर गेली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून निदान गेममध्ये तरी तुम्हाला आपला बांध दाखवते असं मी कबूल केलं होतं. तेव्हापासून मी कामावरून आले की त्यांचा एकच प्रश्न... "आला का गो आपला बांध?"

रविवारी आला. खाडी होती, बांध होता, भात होतं. आणि वर सुभेदाराच्या चौकटीत ठळक अक्षरात लिहिलं होतं... 'सुभा पेण. प्रजा : आळशी.'

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "कोन बोलतो आळशी? त्याला सांग, उधानाला ये एकदा बांधाव!" एवढं बोलून उठले आणि माझ्याकडे पाठ करून बाहेर जाऊन बसले. जसं काही ते मीच लिहिलं होतं.

मी नव्हतं लिहिलं हो! शोधलं तेव्हा कळलं की आदल्या दिवशीच्या अपडेटमध्ये सुभेदाराला नवी अक्कल दिली होती. जो शेतात नाही, किल्ल्यावर नाही, रस्त्यावर नाही, तो रिकामा... आणि रिकामी माणसं जास्त असली की प्रजा आळशी.

म्हणजे गंमत बघा. आमची माणसं उधाणाला बांधावर उभी, आणि सुभेदारसाहेबांच्या हिशेबी ती रिकामटेकडी! मग साहेब त्यांना तिथून उचलून घाटातल्या रस्त्याच्या कामाला धाडणार. बांध फुटणार, शेतं खारी होणार, भात बुडणार... आणि दोष कोणाचा? आळशी प्रजेचा!

तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या टीमचा म्होरक्या पुण्याचा, हुशार मुलगा आहे. त्याला लगेच फोन लावला.

तर म्हणतो, "ताई, पर्सनली नका घेऊ. बॅलन्सिंगचा भाग आहे. आणि पेण एवढंसं, तिकडे बघतंय कोण?" उचलली जीभ लावली टाळ्याला! मी विचारलं, तू कधी बांध बघितलायस? तर म्हणे, सॅटेलाइट मॅपवर.

सोमवारी रोह्याला कंपनीच्या कँटीनमध्ये मी अमोलसमोर तासभर... नाही, सुट्टी अर्ध्या तासाचीच असते, पण तेवढा वेळ नुसती फणफणत होते. ताटातली भाजी गार झाली. मी सांगितलं की पेण काढूनच टाकते नकाशातून, माझ्या बापाचा अपमान करायला नाही केली एवढी मेहनत.

अमोल शांतपणे जेवत होता. म्हणाला, "काढतेस कशाला? सुभेदाराचा हुकूम मोडायची सोय करू ना. उधाण आलं की पेणची माणसं कोणाचं ऐकणार नाय, सरळ बांधावर." आणि वर असंही म्हणाला की म्होरक्याने हे घेतलं नाही, तर रोहासुद्धा बाहेर. स्वतःच्या सुभ्यात काही अडलेलं नसताना! या एका वाक्यासाठी त्याचे जाहीर आभार मानते.

त्याने खरंच ते बसवून दिलं. म्होरक्या कुरकुरला, पण त्यानेच खेळून पाहिलं तेव्हा बांध टिकला, भात आलं, आणि 'आळशी' गेलं. फक्त एक घोळ झाला... हुकूम मोडणाऱ्या सुभ्याला गेम आपोआप दुसरा शिक्का मारतो. तो काढायचा उपाय काही सापडेना.

काल भीत भीतच बाबांना पुन्हा बसवलं. उधाण आलं, सुभेदाराने रस्त्याचा हुकूम सोडला, आणि माणसं निघाली ती थेट बांधाकडे. वरची अक्षरं बदलली... 'सुभा पेण. प्रजा : हुकूम न मानणारी.'

बाबांनी सावकाश वाचलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "हां... आता कसा बराबर लिवलाय!" लगेच माझ्याकडून त्याचा फोटो काढून घेतला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकायला लावला. आत्तापर्यंत सगळ्या काकांचे अंगठे आलेत.

आज सकाळी म्होरक्याचा मेसेज आला, सॉरी ताई, तो शिक्का काढायचा उपाय मिळालाय, काढू का?

मी कळवलंय... खबरदार हात लावलास तर.